ओसाकात दुकान निवडलं, की जेवण निवडून झालं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात चौघं जण आठ दिवस ओसाकात येताय. तुम्ही आणि तुमचे यजमान मासे-चिकन खाता, पण बीफ आणि पोर्क नाही. मुलगा सोळा वर्षांचा, त्याला काहीही चालतं. सासूबाई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. रोज रात्री भारतीय हॉटेल हुडकत फिरायचं नाहीये, तऱ्हेतऱ्हेच्या ठिकाणी जेवायचंय, आणि सासूबाईंना उपाशीही ठेवायचं नाहीये. हे जमेल का?

जमेल. मी अठरा वर्षं ओसाकात दुभाषी म्हणून काम करते. चाकण-रांजणगावकडचे कारखानदार, इंजिनीयर इथल्या कंपन्यांत येतात, दिवसभर साच्यांबद्दल आणि मायक्रॉनबद्दल बोलतात, आणि संध्याकाळी सहा वाजले की माझ्या पोटात गोळा येतो: आता यांना जेवायला कुठं न्यायचं? त्या गोळ्यातून जे शिकले ते सांगते.

सगळ्यात आधी आपली मेनूकार्डाची सवय विमानतळावर सोडून या. आपल्याकडे एकाच टेबलावर एकाला मसाला डोसा, दुसऱ्याला पावभाजी आणि तिसऱ्याला हाका नूडल्स मिळतात. इथं उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सच्या, दुकानात उदोन, तेंपुराच्या, म्हणजे इथल्या भज्यांच्या, दुकानात तेंपुरा आणि ईल माशाच्या दुकानात ईल. तेच ते तीस-चाळीस वर्षं करून हात बसलेला असतो, म्हणून चव असते. पण याचा अर्थ असा, की दुकान निवडलं की जेवण निवडून झालं. आत जाऊन ‘सासूबाईंसाठी काहीतरी साधं करून द्या’ म्हणायची सोय नाही. माणसं उद्धट नाहीत. आत त्या एका पदार्थापलीकडे सामानच नसतं. आमचे पाहुणे फसतात ते इथेच. दुकान देखणं दिसलं म्हणून शिरतात, बसतात, गरम टॉवेलानं हात पुसतात, आणि मग कळतं की इथं फक्त बैलाच्या जिभेचे काप भाजून मिळतात.

चौघांना चार गोष्टी मिळतील अशा जागा तीनच प्रकारच्या. डिपार्टमेंट स्टोअरचे वरचे मजले, इझाकाया, म्हणजे बिअरसोबत लहान लहान प्लेट मिळणाऱ्या खानावळी, आणि फॅमिली रेस्टॉरंटच्या साखळ्या. पहिल्या दिवशी, प्रवासाचा शीण असताना, उमेदा किंवा नाम्बातल्या एखाद्या मोठ्या स्टोअरच्या वरच्या मजल्यावर जा. दहा-पंधरा हॉटेलं एका रांगेत असतात, बसायला बाकं असतात, आणि प्रत्येक दारात काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. हे नमुने विकण्याचा मोठा धंदा ओसाकातच 1932 मध्ये उभा राहिला. तेव्हा मेणाचे असायचे, आता प्लास्टिकचे असतात. काट्यावर गुंडाळून हवेत लटकलेली स्पॅगेटी बघून सासूबाई दहा मिनिटं सहज रमतील. भाषा येत नसेल तर वेटरला बाहेर आणून बोट दाखवा. कुणी हसत नाही, रोजचंच आहे.

आता मुद्द्याचं बोलते, म्हणजे दाशीबद्दल. ओसाकातलं जेवण ज्या पाण्यावर तरतं ते हे. कोंबु नावाचा समुद्री शेवाळाचा जाड पट्टा आणि कात्सुओबुशी, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, सुकवून लाकडासारखा टणक केलेला, यांचा अर्क. कोंबु येतो उत्तरेतल्या होक्काइदोहून. जुन्या काळी जपानच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेनं जहाजं तो ओसाकाला आणत, इथं त्याची बाजारपेठ होती, म्हणून इथल्या रश्शात कोंबुचा हात सढळ. शिवाय इकडचा सोयासॉस रंगाला फिका आणि मिठाला जास्त. त्यामुळे तोक्योत उदोनचा रस्सा काळपट तपकिरी दिसतो, तर ओसाकात तळ दिसेल इतका नितळ. हा फरक इतका मनावर घेतला जातो की दोनबेई नावाचे कपातले उदोन पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळ्या रश्शाचे विकतात. कपावर बारीक अक्षरात ‘ई’ किंवा ‘डब्ल्यू’ छापलेलं असतं. तुमच्या मुलाला तोक्योलाही जायचं असेल तर दोन्ही घेऊन शेजारी शेजारी चाखायला सांगा.

ही दाशी मिसो सूपमध्ये असते, भाज्या शिजवलेल्या पाण्यात असते, अंड्याच्या वळकटीत असते, तेंपुराच्या सॉसमध्ये असते, ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या धिरड्याच्या, पिठात असते. पालकाची कोशिंबीर दिसायला निरागस, पण खाली दाशी आणि वर माशाचे पापुद्रे. आणि कुणालाही हा ‘मासा’ वाटत नाही. आपण पोह्यांवर फोडणी घातली म्हणून कुणी त्याला ‘मोहरीचा पदार्थ’ म्हणत नाही, तसंच.

हे मी कसं शिकले ते सांगते. कामाचं दुसरं वर्ष होतं. साताऱ्याकडचे एक वडीलधारे गृहस्थ आले होते, सारं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, गळ्यात तुळशीची माळ. मी त्यांना कंपनीजवळच्या उदोनच्या दुकानात न्यायचे, ‘मांस नको’ असं बजावून कित्सुने उदोन मागवायचे. कित्सुने म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला तळलेला तोफू आवडतो अशी इकडची समजूत, म्हणून गोडसर तोफूची घडी वर ठेवलेल्या उदोनला ते नाव पडलं. 1893 मध्ये ओसाकातच सुरू झालेल्या एका दुकानाला त्याचा मान देतात. तर तीन दिवस काकांनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला. चौथ्या दिवशी म्हणाले, “मालकांना विचारा, यात घालतात तरी काय? घरी गेल्यावर मंडळींना सांगतो.”

मी विचारलं. मालक सत्तरीचे, कुणीतरी रश्शाचं विचारलं म्हणून खूश झाले. आत जाऊन वीतभर लांबीचे दोन तपकिरी तुकडे घेऊन आले आणि एकमेकांवर आपटून दाखवले. टण टण असा लाकडाचा आवाज. मग सुताराचा रंधा उलटा बसवावा तशी एक पेटी काढली, तुकडा तिच्यावर ओढला, खणात गुलाबीसर पापुद्रे पडले. चिमूटभर काकांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “कात्सुओ.” काका माझ्याकडे बघत होते. दुभाष्यानं मधलं काही गाळायचं नसतं. मी सांगितलं, “काका, मासा आहे.”

त्यांनी पापुद्रे हळूच टेबलावर ठेवले. बराच वेळ वाडग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? मग झालं.” मालकांना मात्र वाकून नमस्कार केला. उरलेले चार दिवस त्यांनी केळी, दूध आणि मिठाच्या भातगोळ्यांवर काढले. मी त्या रात्री दाशीवर मिळेल ते वाचत बसले.

तेव्हा हे ठरवून या. घरात बसून सासूबाईंशी मोकळं बोला, की तुकडा नसेल पण अर्क असेल तर चालेल का. बरेच जण म्हणतात, परदेशात तेवढं चालतं. मग शहर सगळं खुलं आहे. नाही म्हणाल्या तर तोही मान ठेवायचा, फक्त वाट वेगळी. काय करू नये, तर ‘त्यांना कळणार नाही’ म्हणून खपवू नये.

‘बेजितारियान’ हा शब्द इथं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ ‘सॅलड आवडणारा माणूस’ एवढाच धरला जातो. ‘निकु नको’ म्हणणंही ओसाकात अपुरं, कारण इकडे निकु म्हणजे सरळ बीफ. पोर्कला वेगळा शब्द आहे, ‘बुता’. तोक्योत ज्या वाफवलेल्या पावाला निकुमान म्हणतात त्यालाच इथं बुतामान म्हणतात, ते याच कारणानं. म्हणजे तुम्ही निकु नको म्हणालात आणि बेकनचा तुकडा आला, तर त्यांच्या लेखी त्यांनी तुमचं ऐकलेलंच असतं. तेव्हा वाक्य असं पाठ करा: “निकु मो, बुता मो, साकाना मो, तामागो मो ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस.” म्हणजे मांस, पोर्क, मासा, अंडं खाता येत नाही, कात्सुओची दाशीही नाही. हॉटेलच्या काउंटरवर हेच जपानी अक्षरांत एका कार्डावर लिहून घ्या आणि सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. आणखी एक: हॉटेलांत अ‍ॅलर्जीचा तक्ता मागितला तर मिळतो, त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे सगळं असतं, पण कात्सुओ त्या यादीतच नाही. तक्त्यावर खूण नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

सासूबाईंसाठी एक जेवण खास ठेवा. ओसाकाहून क्योतो अर्ध्या तासावर आहे. तिथं आराशियामाला तेनर्यू-जी या झेन मंदिराच्या आवारात शिगेत्सु म्हणून भोजनगृह आहे, तिथं शोजिन र्‍योरी मिळते. बौद्ध भिक्षूंचा आहार: कोंबु आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची दाशी, तिळाचा तोफू, ऋतूतल्या भाज्या. कांदा, लसूण आणि त्यांची भावंडंही वर्ज्य. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. लाल लाकडी ताट समोर आलं की ‘अगंबाई, नैवेद्यच’ असं एक आजी माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. जमिनीवर बसावं लागतं, तेवढं गुडघ्यांचं बघा. नोव्हेंबरात लाल पानं बघायला तिथं तुफान गर्दी असते, आधी नोंदवून जा.

आता ओसाकाचा खास माल. ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाडजूड धिरडं म्हणा. भाजताना झाऱ्यानं दाबायचं मात्र नाही, मालक ओरडतात. टेबलातच तवा असतो. काही दुकानांत ते आतून भाजून आणतात, काहींत समोर भाजतात. मुलाला समोर भाजणारं दुकान दाखवा: चिरलेला कोबी, पीठ, अंडं वाडग्यात खालून वर भराभर कालवतात, आत हवा राहिली पाहिजे म्हणून जास्त नाही, तव्यावर ओतून झाकण, मग दोन झाऱ्यांनी एका झटक्यात उलथतात. वर गडद गोडसर सॉस, मेयोनीज, हिरव्या शेवाळाची पूड आणि माशाचे ते पापुद्रे, जे वाफेनं जिवंत असल्यासारखे हलतात. लहान मुलं घाबरतात. नेहमीचं ‘बुता-तामा’ म्हणजे पोर्कचं, तुम्ही ‘इका-तामा’ म्हणजे माखलीचं किंवा ‘एबी’ म्हणजे कोळंबीचं मागा. ओसाकाची माणसं याच्या सोबत भात आणि सूप घेतात. पिठाबरोबर भात खाता म्हणून तोक्योवाले यांना हसतात. वडापाव खाणाऱ्यानं यावर काही बोलू नये. साधारण 1000 ते 1500 येन पडतात. सासूबाईंना इथं नेऊ नका, पिठातच अंडं आणि दाशी असते.

ताकोयाकीचं भांडं बघून त्या मात्र थांबतील: अगदी आपलं आप्पेपात्र! 1935 मध्ये ओसाकात ही गोष्ट सुरू झाली, आत ऑक्टोपसचा तुकडा. सुरुवातीची ताकोयाकी सॉसशिवायच खायची होती आणि तशी देणारी दुकानं आजही आहेत, ती जरूर शोधा, पिठाची चव कळते. एक सावधगिरी, पहिलं आप्पं तोंडात अख्खं टाकू नका. आत लाव्हा असतो. टाळू सोलून घेतलेले किती इंजिनीयर मी पाहिलेत.

कुशिकात्सुसाठी शिनसेकाईला जा, ते त्सुतेनकाकु मनोऱ्याच्या पायथ्याशी आहे. काडीला टोचून, बारीक पावचुरा लावून तळलेलं काहीही: कोळंबी, कमळाचा देठ, अ‍ॅस्परॅगस, कांदा, लावीचं अंडं, आणि ओसाकाची खासियत म्हणून लाल आल्याचा काप. एक काडी साधारण 150 ते 250 येन. इथला प्रसिद्ध नियम म्हणजे सॉसचं भांडं सगळ्यांचं सामाईक, त्यात काडी एकदाच बुडवायची, चावल्यावर पुन्हा नाही. पाट्या लावलेल्या असतात. परदेशी पाहुण्यांना हा नियम समजावताना गाइड दहा वाक्यं बोलतात, मला एक शब्द पुरतो: उष्टं. कोरोनानंतर बऱ्याच दुकानांनी सामाईक भांडं काढून बाटल्या ठेवल्या, तेव्हा ते भांडं दिसलंच पाहिजे असं नाही. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानानं घेऊन वर ओतायचा, कोबी बहुधा फुकट असतो. मात्र तुम्हा दोघांना सांगून ठेवते, काही जुन्या दुकानांत तळणाच्या तेलात बीफची चरबी असते, चव तिचीच म्हणतात. बसायच्या आधी विचारा: “ग्यूशि देस का, शोकुबुत्सु-यु देस का?” बीफची चरबी की वनस्पती तेल. विचारायला लाजू नका, ओसाकाची माणसं बोलायला उत्सुक असतात, उत्तराबरोबर दोन चौकशा फुकट करतील.

इझाकायाला निदान दोन संध्याकाळी ठेवा. ‘दारूचं दुकान’ असं भाषांतर केलं की सासवा बिचकतात, म्हणून मी ‘घरगुती खानावळ, जिथं पुरुष बिअर पितात’ असं सांगते, आणि तेच खरं आहे. लहान लहान प्लेट मागवायच्या, मधे ठेवायच्या, सगळ्यांनी खायच्या. आपल्या स्वभावाला हे फार रुचतं. बसल्याबरोबर न मागवता एक लहानशी वाटी समोर येते, इकडे तिला त्सुकिदाशी म्हणतात, आणि तिचे माणशी 300 ते 500 येन बिलात लागतात. लूट नाही, बसण्याचं भाडं समजा. आमच्या एका पाहुण्यांनी यावरून मालकाशी वीस मिनिटं हुज्जत घातली होती आणि ती दोन्ही बाजूंनी मी भाषांतरित केली, तो माझा फार कठीण दिवस होता.

सासूबाईंना इथं मिळेल: एदामामे, म्हणजे शेंगेतलेच हिरवे सोयाबीन मीठ लावून, थंड तोफू (पापुद्रे घालू नका म्हणून सांगायचं, “कात्सुओबुशी नुकि दे”), बटाट्याचे फ्राईज, भाजलेलं मक्याचं कणीस, आणि नोव्हेंबरात खरपूस गिंको बिया, ज्या मला आठळ्यांची आठवण करून देतात. तुम्हा दोघांना माशांची मजा. 6 नोव्हेंबरला जपान समुद्रातल्या हिमखेकड्याचा हंगाम उघडतो, म्हणून मेनूत ‘कानि’ शब्द दिसू लागतो. पाणी मागवलं की बर्फाचं येतं, थंडीतही. गरम हवं असेल तर “ओयु” म्हणा. बिल हवं तर “ओकाइकेइ ओनेगाइ शिमास”, किंवा दोन तर्जन्या फुलीसारख्या धरून दाखवा. टिप कुठेच द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर पोरगं रस्त्यावर धावत येऊन परत देईल.

फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीबद्दल मुलानं विचारलं असेलच. ती कल्पना इथलीच, ओसाकाला चिकटून असलेल्या हिगाशी-ओसाकात 1958 मध्ये पहिलं दुकान निघालं. मालकाला बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून ती सुचली होती. हल्ली बऱ्याच साखळ्यांत पट्ट्यावर मोकळी सुशी फिरत नाही, टॅबलेटवर मागवली की सरळ तुमच्या टेबलाशी सुळकन येऊन थांबते. सासूबाईंसाठी काकडीचा रोल, ‘कप्पा-माकी’, मागवा. टेबलाला एक काळा नळ असतो, त्यातून उकळतं पाणी येतं, चहासाठी. हात धुवायला जाऊ नका. हे हसण्यावारी नेऊ नका, मी बर्फ आणायला धावले आहे.

सकाळी हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. गल्लीतल्या जुन्या किस्सातेनमध्ये जा, म्हणजे कॉफीचं दुकान, मखमली खुर्च्या, पेपर वाचणारे आजोबा. अकरापर्यंत ‘मॉर्निंग’ मिळतं: कॉफीच्या किमतीत किंवा थोडे जास्त देऊन दोन बोटं जाडीचा लोणी लावलेला टोस्ट आणि उकडलेलं अंडं. सासूबाईंच्या वाट्याचं अंडं मुलाला. इथं ‘मिक्स ज्यूस’ मिळतो तो घ्याच, केळं, संत्रं, डब्यातला पीच आणि दूध एकत्र घुसळलेलं, ओसाकाचं लाडकं पेय. आपल्या शिकरणाचा शहरात शिकायला गेलेला भाऊ.

राहिला भारतीय जेवणाचा प्रश्न. ‘भारत-नेपाळ’ पाटीची दुकानं प्रत्येक स्टेशनजवळ आहेत, चालवणारे बहुतेक नेपाळी. नान हातभर लांब आणि गोड, रस्साही गोड, पण हिंदी कळतं. स्वयंपाकघरात निरोप पोहोचतो, आणि विनंती केली की साधं वरण करून देतात. एका थकल्या रात्री तिथं जायला अजिबात कमीपणा मानू नका. मात्र त्याऐवजी एकदा दुपारी तुम्ही तिघं ओसाकाचा ‘स्पाइस करी’ खा. इथल्या तरुण मंडळींनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत घडवलेला प्रकार आहे. जिरं, वेलची, मोहरी अख्खी फोडणीला घालून, वर दाशीची जोड देऊन, ताटलीत भाताच्या दोन बाजूंना दोन करी. कढीपत्ता आणि कात्सुओ एकाच घासात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला राग आला होता, आता महिन्यातून दोनदा जाते. दुकानं लहान, दुपारीच उघडी आणि करी संपली की बंद.

महागड्या जेवणाचं थोडक्यात सांगते. काप्पो म्हणजे लाकडी काउंटरपलीकडे आचारी तुमच्यासमोर कापतो, शिजवतो आणि देतो. ही काउंटरवर बसायची पद्धत ओसाकातच रुजली. दुपारी गेलात तर रात्रीच्या निम्म्या-तिम्म्या पैशांत जमतं. हॉटेलमार्फत नोंदवा, काय चालत नाही ते नोंदवतानाच सांगा, आणि नोंदवलं की जाच. न गेल्यास पूर्ण पैसे कापतात आणि ते योग्यच आहे. फुगु, तो विषारी मासा, ओसाकाला फार प्रिय. इकडे त्याला ‘तेप्पो’ म्हणजे बंदूक म्हणतात, लागली तर मेलात म्हणून. परवानाधारकाखेरीज कुणी कापत नाही, तेव्हा भीती नको, पण चवीला मला तो काही खास वाटला नाही. पैसे खेकड्यावर घाला.

वेळेचं गणित पक्कं ठेवा. दुपारी दोन-अडीचला बहुतेक लहान दुकानं बंद होतात ती थेट पाचला उघडतात. आपल्या मंडळींना तीन वाजता भूक लागते आणि तेव्हा फक्त साखळ्या उघड्या असतात. दारावर कापडी पडदा, नोरेन, बाहेर लटकत असेल तर दुकान चालू, आत घेतला असेल तर बंद. आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात चौघांनी साडेबाराला जाऊ नका, नोकरदारांची गर्दी असते, सव्वाअकराला जा. बऱ्याच ठिकाणी दाराशीच यंत्रातून कूपन घ्यायचं असतं. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, काही जुनी यंत्रं त्या अजून गिळत नाहीत, म्हणून जुन्या हजाराच्या नोटा आणि सुटी नाणी जवळ असू द्या. निघताना “गोचिसोसामा”, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा. ओसाकाचा मालक असेल तर आतून “ओकिनि!”, म्हणजे इथल्या बोलीत धन्यवाद, असा आवाज येतो.

शेवटच्या संध्याकाळी दोतोंबोरी या गजबजलेल्या भागाचा लखलखाट, तो हलते पाय असलेला अवाढव्य खेकडा वगैरे मुलाला दाखवून झालं की मागच्या होझेन-जी गल्लीत शिरा. दगडी फरसबंदी, कंदील, आणि टोकाला फुदो देवाची मूर्ती. फुदो म्हणजे आपल्या संस्कृतातला अचल. लोक पळीनं पाणी घालून घालून मूर्तीवर जाड हिरवं शेवाळ चढलंय. सासूबाईंना पळी हातात द्या, पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही. शेजारीच मेओतो झेनझाई नावाचं 1883 पासूनचं दुकान आहे. लाल अझुकी कडधान्याचं गरम गोड सूप, पातळ पुरणच म्हणा, त्यात तांदळाच्या पिठाचा एक पांढरा गोळा, आणि तोंड बदलायला बाजूला खारा कोंबु. मेओतो म्हणजे नवरा-बायको, म्हणून एका माणसाला दोन लहान वाट्यांत येतं, ती जोडी एकानंच संपवायची असते. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसरी वाटी त्या नातवाकडे सरकवतील.